पावसाळ्यात फर्नेस ऑइलचं लोणी होतं, पाणी काही खाली बसत नाही: आमच्या टाकीत काय चुकत होतं

आमचा कारखाना बेळगावात उद्यमबागेत. फोर्जिंगच्या, म्हणजे लोखंड तापवून ठोकून घडवायच्या, दोन भट्ट्या. दोन्ही फर्नेस ऑइल या काळ्या, घट्ट इंधन तेलावर. शेडच्या मागे उघड्यावर पंधरा हजार लिटरची आडवी टाकी. तिथून गिअर पंपाने तेल डे टँकला (रोजच्या वापराची छोटी टाकी), मग तेल तापवणारा प्रीहीटर, मग बर्नर. मेंटेनन्स माझ्याकडे. सलग तीन पावसाळे एकाच दुखण्याने आम्हाला छळलं. मच्छे, खानापूर रोड, निपाणी अशा ठिकाणच्या ओळखीच्यांशी बोललो तर फर्नेस ऑइल जाळणाऱ्या बहुतेकांचं रडगाणं तेच निघालं. म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो.

लक्षण असं. मिरीग कोरडा-ओला जातो, आर्द्राची झड लागली की आठवड्याभरात बर्नरची ज्योत फडफडायला लागते. आधी पिवळट होते, मग फट्‌फट् आवाज, चिमणीतून काळा धूर, आणि शेवटी ज्योतीवर नजर ठेवणारा फोटोसेल बर्नर बंद करून टाकतो. बर्नरवरचे मामा पहाटे फोन करायचे, "सायब, परत थुकायलाय बघा ह्यो." तेल गाळणारा स्ट्रेनर उघडला की जाळीवर चॉकलेटी रंगाचा मऊ लगदा. बोटावर घेतला तर ओघळत नाही, लोण्यासारखा चिकटून राहतो. जाळी रॉकेलमध्ये धुतली तर अर्धं निघतं, अर्धं तसंच.

लगद्याचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकला की मोहरी फुटल्यासारखा तडतडतो. म्हणजे पाणी आहे हे नक्की. पण टाकीचा खालचा ड्रेन कॉक उघडला तर पाणी येत नाही, तोच लगदा येतो. डीप रॉडला, म्हणजे तेलाची पातळी मापायच्या दांडीला, पाणी शोधायची पेस्ट लावून टाकीत सोडला तर पेस्टचा रंग बदलत नाही. तेलात पाणी आहे, टाकीच्या तळाला मात्र नाही. या कोड्यात आमची दोन वर्षं गेली.

आम्ही केलेले उपाय, म्हणजे चुका

पहिल्या वर्षी तेल आणून देणाऱ्याशी भांडलो. टँकर आला की ड्रायव्हर आमच्यासमोर डीप रॉड घाली, पेस्ट दाखवी आणि म्हणे, "नीर इल्ल री", म्हणजे पाणी नाही. पेस्ट खरोखर कोरडी असायची. पुढे कळलं की ती पेस्ट मोकळं पाणी ओळखते. तेलाच्या आत कोंडलेले सूक्ष्म थेंब तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. भांडणात तो खरा होता आणि आम्हीही खरे होतो. शिवाय फर्नेस ऑइलसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५९३, त्यात पाण्याला एक टक्क्यापर्यंत मुभा आहे. बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक टक्का म्हणजे १२० लिटर. नियमात बसून कोणी सहा घागरी पाणी देऊन गेला तरी बोलता येत नाही.

दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून डे टँकमध्ये धुण्याची पावडर विरघळवून घातली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दोन दिवस भट्टी बंद होती एवढंच.

तिसरी चूक मात्र बघण्यासारखी आहे, कारण ती सगळेच करतात आणि तिला कोणी चूक म्हणत नाही. तेल घट्ट वाटतंय म्हणून आम्ही टाकीत डिझेल सोडायचो. दोनशे लिटरचं बॅरल, कधी दोन. तेल पातळ होईल, पाणी सुटून खाली बसेल असा साधा हिशोब. पातळ व्हायचं, पण चार दिवसांत लगदा आधीपेक्षा जास्त आणि जास्त चिवट. आम्ही म्हणायचो डिझेलमध्येच भेसळ असणार.

पाणी खाली का बसत नाही

घरात रोज दिसणारी गोष्ट घ्या. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे थेंब. घुसळलं की उलटं होतं: लोणी म्हणजे स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब. लोणी नुसतं ठेवून दिलं म्हणून त्यातलं पाणी कधी वेगळं होतं का? फर्नेस ऑइलचा लगदा हा त्याच जातीचा. तेलात पाण्याचे इतके बारीक थेंब की डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळेच काळ्या तेलाला तो चॉकलेटी रंग येतो.

पाणी जड, तेल हलकं, मग थेंब उतरायला हवेत. उतरतात, पण कोणत्या वेगाने ते बघा. थेंब उतरण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि तेलाच्या घट्टपणाप्रमाणे कमी होतो. ५० अंश सेल्सिअसला आमच्यासारखं फर्नेस ऑइल आणि पाणी यांच्या घनतेत फरक जेमतेम चार टक्के. दहा मायक्रॉनचा थेंब, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, अशा तेलात दिवसाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास उतरतो. टाकीत दीड मीटर तेल असेल तर तळाला पोचायला तीन वर्षांहून जास्त. हेच थेंब एकमेकांत मिसळून शंभर मायक्रॉनचे झाले तर वेग शंभर पटीने वाढतो आणि तेच अंतर बारा-तेरा दिवसांत कापलं जातं. तेल तापवून घट्टपणा चार-पाच पटीने कमी करता येईल, पण थेंब मोठे झाल्याने जो फायदा होतो त्याच्यासमोर तो काहीच नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा: थेंब एकमेकांना भिडतात तरी एकत्र का होत नाहीत?

कारण प्रत्येक थेंबावर साय धरलेली असते. आणि ती साय धरते अस्फाल्टीन.

ही साय कशाची

अस्फाल्टीन हा शब्द जुना आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसांगो यांनी १८३७ साली डांबराची चिरफाड करताना तो वापरला. आजही त्याची व्याख्या एका ठराविक पदार्थाची नाही, विरघळण्याची आहे: कच्च्या तेलाचा जो भाग हेप्टेनसारख्या हलक्या द्रावकात विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतो, तो अस्फाल्टीन. वेगळा काढला तर काळी-तपकिरी पूड मिळते. कच्च्या तेलातले हे सगळ्यात जड आणि सगळ्यात चिकट स्वभावाचे रेणू. मध्ये कार्बनच्या कड्यांची चपटी थाळी, कडेने छोट्या शेपट्या, आणि अधूनमधून गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन. निकेल आणि व्हॅनेडियमसुद्धा या भागात सापडतात. थाळ्या एकमेकींवर बसतात, पाच-सहांची चळत होते, चळतींचे पुंजके होतात. नॅनोमीटरमध्ये मोजायचं तर रेणू दीड, चळत दोन, पुंजका पाच.

या रेणूंचा बहुतेक भाग तेलाच्या जातीचा, पण त्यात पाण्याशी जमवून घेणारे कोपरेही आहेत. त्यामुळे तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे ते जाऊन बसतात. साबणही तसंच करतो, पण साबणाचे रेणू येतात आणि जातात. अस्फाल्टीन एकदा बसलं की एकमेकांत गुंतून राहतं. काही तासांत त्याचं जाळं तयार होतं, दिवसागणिक ते घट्ट होतं. दोन थेंब भिडले तरी मधली साय फाटत नाही, चेंडूसारखे एकमेकांवरून सरकून जातात. म्हणून ताजं मिसळलेलं पाणी काढणं सोपं आणि आठवडाभर मुरलेलं काढणं अवघड.

कच्च्या तेलाच्या विहिरीवर हेच दुखणं शंभर वर्षांपासून आहे. तेलाबरोबर खारं पाणी येतं, झडपांतून आणि पंपांतून घुसळलं जातं, आणि त्याचं लोणी होतं. १९११ साली अमेरिकेत कॉट्रेल यांनी विजेचा दाब देऊन थेंब जोडायची पद्धत पेटंट केली. १९१४ मध्ये बार्निकेल यांनी रसायनाने ते फोडायचं पेटंट घेतलं. आजही रिफायनरीत कच्चं तेल शिरलं की आधी खारं पाणी काढणाऱ्या विजेच्या डीसॉल्टरमधून जातं.

मग विहिरीवरचं दुखणं आमच्या उद्यमबागेत कसं आलं? साधं आहे. रिफायनरीत कच्चं तेल उकळून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वर काढतात. अस्फाल्टीन उकळून वर जात नाही, सगळंच्या सगळं तळाला उरतं. तो तळ म्हणजे आपलं फर्नेस ऑइल आणि डांबर. कच्च्या तेलात थोडं असेल ते आपल्या टाकीत येईपर्यंत कितीतरी पट दाट झालेलं असतं.

माझ्या हाताने केलेली एक परीक्षा

ऐकून पटेना म्हणून हे करून बघितलं, तुम्हीही करू शकता. मात्र भट्टीपासून लांब, मोकळ्या हवेत.

जनावरांना टोचायची जाड सुई असलेली सिरिंज घ्या. सुई पकडीने वाकवून टोक वरच्या बाजूला वळवा. काचेच्या ग्लासात साधं पाणी. सिरिंजमध्ये डिझेल घालून पातळ केलेलं फर्नेस ऑइल भरा, सुई पाण्यात बुडवा आणि दांडा हळूच दाबून टोकावर मटारएवढा तेलाचा थेंब फुगवा. तेल हलकं असल्याने तो वरच्या बाजूला गोल उभा राहतो. काळा, चकचकीत. आता हात न हलवता तासभर तसाच ठेवा, म्हणजे सिरिंज कशाला तरी बांधून ठेवा.

तासाने दांडा हळूहळू मागे ओढा. नुसतं तेल असतं तर थेंब लहान लहान होत गोलच राहिला असता. आमच्या थेंबाला सुरकुत्या पडल्या. आधी मानेजवळ बारीक घड्या, मग सगळा थेंब चोपला, अगदी निखाऱ्यावर भाजलेल्या भरताच्या वांग्याच्या सालीसारखा. तेल आत गेलं आणि रिकामी कातडी पाण्यात लटकत राहिली. मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "ह्येच्यायला, दुधावरची साय की ही."

मग तेच फर्नेस ऑइल डिझेलऐवजी टोल्युइनमध्ये पातळ करून पुन्हा केलं. तासाने दांडा ओढला, थेंब शेवटपर्यंत गोल. एकही सुरकुती नाही.

त्या दिवशी डिझेलच्या बॅरलचा हिशोब उलगडला.

डिझेल घालू नका

तेलात अस्फाल्टीन तरंगत राहतं ते त्याच्या भावकीमुळे. रेझिन नावाचे मधल्या वजनाचे घटक आणि बेंझिनच्या जातीचे कड्यांचे घटक त्याला सांभाळून धरतात. तेवढे भरपूर असले तर अस्फाल्टीन तेलातच सुखी असतं, पाण्याच्या थेंबाकडे धावत नाही. डिझेलमध्ये असे सांभाळणारे घटक कमी. ते घातलं की सांभाळणारे पातळ होतात, अस्फाल्टीनला तेल नकोसं होतं, पण पूर्ण खाली बसण्याइतकंही नाही. सगळ्यात चिवट साय याच अर्धवट अवस्थेत धरते: विरघळलेलं नाही, साकळलेलंही नाही, उंबरठ्यावर. आम्ही बॅरल ओतून ओतून तेलाला दरवर्षी त्याच उंबरठ्यावर आणून उभं करत होतो.

आणखी डिझेल घातलं तर साय कमी होते हेही खरं, कारण अस्फाल्टीन साकळून काळा गाळ होऊन तळाला बसतं. मग फिल्टर त्याने भरतो. आगीतून फुफाट्यात.

म्हणून "अस्फाल्टीन किती टक्के?" या प्रश्नाने फार काही कळत नाही. अल्जीरियाच्या हासी मेसाऊद क्षेत्रातल्या हलक्या तेलात ते ०.१५ टक्क्याच्या आसपास, तरी तिथे ते साकळून विहिरी तुंबल्याचं तेलधंद्यात सगळ्यांना माहीत आहे. व्हेनेझुएलाच्या बोस्कानच्या जड तेलात १७ टक्क्यांच्या आसपास, तिथे त्या मानाने साकळण्याचा त्रास नाही. किती आहे यापेक्षा ते कशा सोबतीत आहे हे बघावं लागतं. हाच नियम दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या फर्नेस ऑइलला लागतो. एकेकटं चांगलं असलेलं तेल एकत्र केलं की बिघडू शकतं. जुनं अर्धी टाकी असताना नवा टँकर ओतण्याआधी मी आता डागाची चाचणी करतोच.

ती अशी. दोन्ही तेलं ज्या प्रमाणात मिसळणार त्याच प्रमाणात काचेच्या बरणीत घेऊन, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवायची आणि नीट ढवळायची. काचेच्या कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर. पेपर ओव्हनमध्ये १०० अंशांना तासभर. डाग सगळीकडे सारखा तपकिरी पसरला तर जोडी जमते. मध्ये गडद काळं वर्तुळ दिसलं तर अस्फाल्टीन साकळायला लागलंय, मिसळू नका. प्रयोगशाळेत याच चाचणीला एक ते पाच असे क्रमांक देतात; आपल्याला काळं वर्तुळ आहे की नाही एवढं कळलं तरी पुरतं.

पाणी आलं कुठून

इथे आम्ही लाजलो. टाकीत हवा ये-जा करायच्या व्हेंट पाइपचा वरचा वाकडा भाग कधीतरी गंजून पडला होता. उभी नळी, तोंड आभाळाकडे. बेळगावचा पाऊस, त्यात जुलैत वाऱ्याबरोबर आडवा येणारा. मॅनहोलचा गास्केट कडक होऊन चिरलेला, डीप होलचं झाकण तर नेहमी बाजूला ठेवलेलंच. यातून कोणी बादलीने पाणी ओतत नाही, पण तीन महिने थेंब थेंब जातं.

तुमच्याकडे टाकी तापवायला वाफेची कॉइल असेल तर ती आधी तपासा. वाफ बंद करून कॉइल थंड होऊ द्या, मग कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं थंड झालेलं पाणी, बाहेर येतं त्या तोंडाशी तेलाचा तवंग दिसतो का बघा. तेल बाहेर येत असेल तर वाफ चालू असताना पाणी आत जात असणार. आमच्याकडे कॉइल विजेची, म्हणून हे टळलं.

पाण्याबरोबर आमची तांबडी माती आणि टाकीच्या आतला गंजही मिसळतो. बारीक मातीचे कण थेंबाच्या सायीत जाऊन बसतात आणि तिला आणखी जाड करतात. खिरीवरच्या सायीत शेवया अडकतात तसं.

आणि घुसळतंय कोण

पाणी नुसतं शिरलं म्हणून लोणी होत नाही, रवी लागते. आमची रवी म्हणजे गिअर पंप. भट्टीला ताशी पन्नास-साठ लिटर लागत असताना पंप त्याच्या कितीतरी पट तेल फिरवायचा. उरलेलं जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून चिरडत रिटर्न लाइनने परत मोठ्या टाकीत, तेही वरून धबधब्यासारखं. तेच तेल दिवसातून अनेकदा गिअरच्या दातांतून जायचं. आम्ही चोवीस तास ताक घुसळत होतो आणि लोणी का येतंय म्हणून डोक्याला हात लावत होतो.

रिटर्न लाइन आता डे टँकला जोडली आणि तिचं टोक तेलाच्या पातळीखाली नेलं. मोठा पंप फक्त डे टँक भरायला, फ्लोट स्विचवर. खर्च एका प्लंबरच्या दोन दिवसांचा. सगळ्या उपायांत सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात गुणाचा उपाय हाच.

साचलेलं फोडायचं कसं

लोणी कढवलं की पाणी तडतडत उडून जातं, सायीची प्रथिनं बेरी होऊन खाली बसतात, वर तूप. टाकीतलं तेल असंच १०० अंशांच्या वर कढवावं असा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. कृपा करून हे करू नका. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तळातलं पाणी एकदम उकळलं तर टाकीतलं सगळं तेल फेसासारखं उसळून मॅनहोलमधून बाहेर येतं. वरून या तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते तो, मानकाप्रमाणे किमान ६६ अंश, म्हणजे कधीकधी तेवढाच. मी टाकी ५५ च्या वर नेत नाही, आणि कॉइल तेलात पूर्ण बुडालेली असल्याशिवाय चालू करत नाही.

सायीवर खरा उपाय म्हणजे डीमल्सिफायर, तेल-पाण्याचं हे लोणी फोडणारं औषध. त्याचे रेणू अस्फाल्टीनपेक्षा चपळ. ते सायीत घुसून अस्फाल्टीनला जागेवरून हटवतात, पण स्वतः घट्ट जाळं करत नाहीत. साय विरळ झाली की थेंब एकमेकांत मिसळायला लागतात. पण प्रत्येक तेलाला प्रत्येक औषध लागू पडत नाही, म्हणून विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडून दोन-तीन प्रकारचे नमुने मागा आणि बरणीत करून बघा.

आम्ही लोणच्याच्या काचेच्या बरण्या घेतल्या. प्रत्येकीत १०० मिलिलिटर लगदा. औषधाचा एक भाग आणि झायलीन नऊ भाग असं पातळ द्रावण. मापायला इन्शुलिनची सिरिंज, आपल्याकडे मिळते ती चाळीस युनिटची: चार युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, आणि ते १०० मिलिलिटर लगद्यात गेलं की औषधाचं प्रमाण दहा लाखात १०० भाग. एका बरणीत दोन युनिट, एकीत चार, एकीत आठ, एकीत सोळा, आणि एक कोरी. सगळ्या बरण्या ५५ अंशांच्या पाण्यात ठेवल्या, दर बरणी सारख्याच वेळा हलवली, आणि चार तासांनी किती पाणी सुटलं ते बाहेरून मार्करने खुणा करून मोजलं.

पहिल्या नमुन्याने काहीच केलं नाही. दुसऱ्याने चार युनिटच्या बरणीत स्वच्छ रेघ मारल्यासारखं पाणी खाली. सोळा युनिटच्या बरणीत मात्र पुन्हा गढूळ! जास्त औषध म्हणजे जास्त गुण असं इथे नाही. ठराविक मर्यादेपुढे तेच औषध पाण्याला तेलात धरून ठेवायला लागतं. आमचा एक हेल्पर नंतर टाकीत "जरा हात सैल सोडून" घालणार होता, बरण्या दाखवल्यावर गप्प झाला.

पंधरा हजार लिटरला १०० भागांच्या हिशोबाने दीड लिटर औषध. झायलीनमध्ये पातळ करून, टाकीत तेल भरताना पंपाच्या सक्शनला थोडं थोडं सोडलं. एवढं एकदा मिसळणं पुरे. मग ५५ अंश, पंप बंद, तीन दिवस हात लावायचा नाही. शनिवार-रविवार आणि सोमवारची कारखान्याची सुट्टी जोडून हे जमवलं.

मंगळवारी पहाटे ड्रेन कॉक हळू उघडला. हळू यासाठी की जोरात उघडला तर मध्ये भोवरा होऊन वरचं तेल सरळ खाली येतं. आधी काळपट पाणी, वास सडलेल्या अंड्यासारखा, मग दोन बॅरल बऱ्यापैकी निवळ पाणी, मग मधला चॉकलेटी थर. हा मधला थर अस्फाल्टीन, गंज आणि माती यांची मिसळ. न फुटलेलं सगळं इथे जमा होतं. तो टाकीत परत ओतायचा मोह होतो, कारण दिसायला तेल दिसतं. परत ओतलात तर विरजण लावल्यासारखं पुढच्या महिन्यात सगळं नासतं. आम्ही वेगळ्या बॅरलमध्ये भरून झाकून ठेवला. टाकीच्या तळाचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो, गटारात सोडायचा नाही आणि रस्त्याच्या कडेला तर नाहीच. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच द्यावा लागतो.

ज्यांना हा लगदा किती चिवट असतो याची कल्पना नाही त्यांनी चेन्नईजवळचा एन्नोरचा अपघात आठवावा. २८ जानेवारी २०१७ ला दोन जहाजं धडकली, जड इंधन तेल समुद्रात सांडलं, लाटांनी त्याचं लोणी केलं, आणि शेवटी माणसांना बादल्या घेऊन तो गाळ उपसावा लागला. आपण चोर्ल्यावरून गोव्याला जातो तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावर पायाला चिकटणारे डांबराचे गोळे, तेही याच घराण्यातले.

दोन शंका

"काही लोक तर मुद्दाम इंधनात पाणी मिसळतात, मग आपलं का चालत नाही?" मिसळतात. बारीक, एकसारखे थेंब असले तर ते ज्वालेत फुटून तेलाचे आणखी बारीक कण करतात, काजळी कमी होते. पण ते मोजून, एकसारखं मिसळलेलं असतं. आपल्याकडे एका मिनिटाला दोन टक्के आणि पुढच्या मिनिटाला वीस टक्के पाणी नॉझलला येतं, म्हणून ज्योत थुंकते.

"टँकरचं पाणी मोजायचं कसं, पेस्टला दिसत नाही तर?" डीन-स्टार्क चाचणी करून घ्या. तेलात टोल्युइन किंवा झायलीन घालून उकळतात, पाणी वाफेबरोबर येऊन खुणा असलेल्या नळीत वेगळं साठतं. द्रावक सायही विरघळवतं, त्यामुळे कोंडलेलं पाणी सुटतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर तासा-दोन तासांचं काम. आमच्या स्ट्रेनरमधल्या लगद्याचा आकडा बत्तीस टक्के आला. त्याच आठवड्यात आलेल्या टँकरचा आला ०.६. म्हणजे टँकरवाला निर्दोष, आमचीच रवी आणि आमचंच आभाळाकडे तोंड केलेलं व्हेंट.

यंदा जुलै आणि ऑगस्ट मिळून स्ट्रेनर चारदा साफ करावा लागला. आधी एक दिवसाआड करायचो. रोज सकाळी मामा ड्रेन कॉकखाली काचेचा ग्लास धरतात, अर्धा ग्लास पाणी निघतं, वर तेल कोरं. डे टँकचा तळ मात्र अजून जुन्या गाळाने चार बोटं भरलेला आहे. गणपतीच्या सुट्टीत तो खरवडून काढायचा ठरलंय, आणि त्यासाठी मॅनहोल दोन दिवस उघडं ठेवून वायू तपासल्याशिवाय कोणाला आत उतरवणार नाही हे मालकांना आधीच सांगून ठेवलंय.